पाय मोडका ब

भांडुपहून धाकट्या बहिणीनं व्हिडिओ पाठवला. भाची, वय साडेपाच, हातात पुठ्ठ्याची कार्डं. "ह्-ए-न्, हेन. प्-ए-न्, पेन." धडाधड. खाली मेसेज: "ताई, बघ, फोनिक्सचे दोनच महिने झालेत." फोनिक्स म्हणजे अक्षरांच्या आवाजांवरून इंग्रजी वाचायला शिकवायची पद्धत. मी लगेच फोन लावला, कौतुक केलं आणि सहज विचारलं, "हेन म्हणजे काय गं?" पोरगी आईकडे बघायला लागली. कॅमेऱ्याबाहेरून कुजबुजलेलं "कोंबडी, कोंबडी" मला इथे इंग्लंडात, लेस्टरमध्ये स्वच्छ ऐकू आलं.

आमच्या वेळी "सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर" असं घोकायचं. त्याला आता सगळे हसतात. हसा, पण त्या घोकण्यात मांजर तरी होतं.

इंग्लंडमध्ये फोनिक्सचा बोलबाला झाला तो 2006 मधल्या सर जिम रोज यांच्या अहवालापासून. अक्षराचं नाव नाही, आवाज आधी. आवाज जोडत शब्द वाचायचा. सुरुवात ए-बी-सी-डीनं होत नाही. बऱ्याच शाळांत एस, ए, टी, पी, आय, एन ही सहा अक्षरं पहिली येतात, कारण तेवढ्यांतच सॅट, पिन, टॅप, नॅप असे कितीतरी शब्द होतात. ए-बी-सी-डीतून कॅब आणि डॅडच्या पुढे फारसं काही निघत नाही. मग पुढची वर्षं 26 अक्षरांतून साधारण 44 आवाज काढण्याची कसरत. त्यात मला सगळ्यात आवडतो तो शेवटचा मुका ई. स्वतः गप्प बसतो, पण मागच्या स्वराला स्वतःचं नाव घ्यायला लावतो. मॅटचा मेट होतो. आपल्याकडे पंगतीत नवरीला नाव घ्यायला लावतात, तसंच.

लेक शाळेत जायला लागली तेव्हा पालकांसाठी एक संध्याकाळ ठेवली होती. बाई बजावत होत्या, बी म्हणजे "बअ" म्हणू नका, नुसता ओठांचा आवाज काढा. नाहीतर मूल "बअ-ऍ-टअ" म्हणेल आणि त्यातून बॅट निघणारच नाही. तिथले गोरे आईबाप लाजत लाजत ओठ फुगवत होते. मला मात्र आई आठवली. ती परळला पालिकेच्या मराठी शाळेत तीस वर्षं पहिलीला शिकवायची. तिच्या भाषेत हा सरळ पाय मोडका ब. ब् लिहायला आणि म्हणायला आपल्याला कुणा साहेबाची गरज नाही. बॅटमधल्या ऍसाठी आणि डॉगमधल्या ऑसाठी आपण खुणाही करून ठेवल्यात. एवढं भांडवल घरात असताना मुंबईच्या क्लासमध्ये ब चक्क "बह" म्हणून शिकवतात, आणि त्याचे महिन्याला अडीच हजार घेतात.

पण खरी गोम उच्चारात नाहीच. 2012 पासून इथे पहिलीच्या मुलांची जूनमध्ये फोनिक्सची चाचणी होते. चाळीस शब्द, त्यातले वीस चक्क बनावट, शेजारी काल्पनिक प्राण्याचं चित्र. पाठांतर पकडायची युक्ती म्हणून मला ती पटते. माझ्या लेकीनं बनावट शब्द पटापट वाचले. गंमत अशी की इंग्रजी घरातली, बऱ्यापैकी वाचणारी काही मुलं तिथेच अडखळतात. बनावट शब्दाला ओढूनताणून ओळखीचा शब्द करून टाकतात. हिला तो मोहच नव्हता. हिच्या लेखी खऱ्या शब्दांतलेही बरेच तितकेच बनावट! बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, वाचते छान, पण शब्द कमी आहेत. गोष्टी सांगा, खूप बोला. फोनिक्स कानातल्या शब्दाला कागदावरच्या अक्षरांशी जोडतं. कानात शब्दच नसेल तर जोडणार कशाला?

महाराष्ट्रात 2000 पासून पहिलीलाच इंग्रजी आहे. 2025 च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला, केवढा गदारोळ झाला, आणि जूनअखेर तो मागे घेतला. बरंच झालं. पण तिसऱ्या भाषेवरून रस्त्यावर उतरलेल्या कुणी दुसरी भाषा वर्गात कशी शिकवली जाते हे विचारल्याचं माझ्या कानावर आलं नाही. मी पालिकेच्या मराठी शाळेतली पहिलीची बाई असते तर वर्षभर पाटीवर इंग्रजी अक्षर काढलंच नसतं. गाणी, उठाबशा, "ओपन द डोअर", डब्यातल्या भाजीची नावं, एवढंच. वाचन मराठीतून पक्कं करायचं, म्हणजे अक्षर आवाज काढतं ही गोष्ट मुलाला एकदाच कळते आणि मग कुठल्याही लिपीत उपयोगी पडते. फोनिक्स दुसरीत.

हे मी बहिणीला ऐकवलं. ती म्हणाली, "ताई, तू तिकडे बसून बोलतेस. वर्गात पंचावन्न पोरं. बाई कुणाकुणाचं ऐकणार? आणि तुझीला मैदानात इंग्रजी ऐकू येतं, माझीला कुठे येणार, भांडुप स्टेशनात?" यावर काय बोलणार? इथे या वयाच्या वर्गात तीसच्या वर मुलं घेत नाहीत, तसा कायदा आहे. क्लासचे पैसे ती हौसेनं भरत नाही हे मला कळतं. तरी त्या पैशांत चित्रांची पुस्तकं येतील आणि रोज रात्री एक वाचून दाखवता येईल, असं म्हणालेच मी. तिनं विषय बदलला.

रविवारी दोघी पोरी व्हिडिओवर होत्या. आजीनं पाठवलेली अंकलिपी घेऊन माझी लेक शिकवल्याप्रमाणे आवाज जोडत होती. "क, म, ळ. कमळअ." भाची खो खो हसली. "कमळअ नाही गं, कमळ!"

"पण पाय तर मोडलेला नाही," लेक म्हणाली, "मग शेवटचा अ कुठे गेला?"

भाचीला माहीत नव्हतं. मलाही नीट सांगता येईना. भाचीच्या मागे लसूण सोलत बसलेली आई म्हणाली, "तो गिळायचा असतो."