सुचेता कृपलानी आणि ‘नवऱ्याची पुण्याई’

पंचवटीत राहणारी माझी भाची शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी भाषण लिहीत होती. तिच्या वहीत, पहिल्याच पानावर, सध्या व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर जसाच्या तसा उतरवलेला दिसला: ‘देशातील पहिल्या महिला मुख्यमंत्री सुचेता कृपलानी यांना काँग्रेसमधील वजनदार पतीमुळे पद मिळाले, इंदिरा गांधींनी त्यांना नेमले आणि कारभार मात्र इतरांनीच केला.’ या तिन्ही विधानांपैकी एकही टिकत नाही.

पतीचा मुद्दा सर्वांत पोकळ आहे. आचार्य कृपलानी स्वातंत्र्य मिळाले तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते, हे खरे. परंतु १९५१ मध्ये त्यांनी पक्ष सोडून किसान मजदूर प्रजा पक्ष काढला. १९५२ मध्ये सुचेताबाई त्याच पक्षाकडून नवी दिल्लीत उभ्या राहिल्या आणि काँग्रेसच्या उमेदवाराला हरवून लोकसभेत गेल्या. पुढे त्या काँग्रेसमध्ये परतल्या, आचार्य परतले नाहीत. १९६३ मध्ये आपल्या नाशिकने यशवंतराव चव्हाणांना पोटनिवडणुकीत बिनविरोध लोकसभेत पाठवले. त्याच वर्षी उत्तर प्रदेशातील अमरोह्याच्या पोटनिवडणुकीत मात्र आचार्यांनी हाफिज मोहम्मद इब्राहिम या काँग्रेसच्या केंद्रीय मंत्र्यांचा पराभव केला. ऑगस्टमध्ये त्यांनीच नेहरू सरकारविरुद्ध लोकसभेच्या इतिहासातील पहिला अविश्वास ठराव मांडला, जो ६२ विरुद्ध ३४७ मतांनी फेटाळला गेला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, २ ऑक्टोबरला, त्यांच्या पत्नीने त्याच उत्तर प्रदेशच्या काँग्रेस मुख्यमंत्री म्हणून शपथ घेतली. असा नवरा असल्यामुळे नव्हे, तर असूनही पद मिळाले, असे म्हणणे अधिक रास्त ठरेल.

इंदिरा गांधींबाबतचे विधान तारखांपुढेच कोसळते, कारण त्या पंतप्रधान झाल्या जानेवारी १९६६ मध्ये. १९६३ मध्ये पंतप्रधान नेहरू होते. ज्येष्ठ काँग्रेस नेत्यांनी सत्तापदे सोडून पक्षकार्य करावे, अशा कामराज योजनेखाली तेव्हाचे मुख्यमंत्री चंद्रभानू गुप्त यांनी राजीनामा दिल्याने मुख्यमंत्रिपद रिकामे झाले आणि गुप्त यांच्या गटाच्या पाठिंब्यावर सुचेताबाईंनी विधिमंडळ पक्षात कमलापती त्रिपाठी यांच्यावर मात केली. गटबाजीचा त्यांना लाभ झाला, हे मान्य करायला हवे. मात्र त्या काळच्या कोणत्या मुख्यमंत्र्याला तो झाला नव्हता?

‘कारभार इतरांनी केला’ असे म्हणणाऱ्यांनी राज्य कर्मचाऱ्यांचा ६२ दिवस चाललेला संप आठवावा. पगारवाढीची मागणी सुचेताबाईंनी मान्य केली नाही आणि अखेर कर्मचाऱ्यांना संप मागे घ्यावा लागला. या ताठरपणाबद्दल त्यांच्यावर टीका जरूर करता येईल, परंतु नामधारी मुख्यमंत्र्यावर अशी टीका करण्याची वेळच येत नाही. शिवाय हा कणखरपणा मुख्यमंत्रिपदाबरोबर आलेला नव्हता. बनारस हिंदू विद्यापीठातील अध्यापन, १९४२ चे भूमिगत कार्य, १९४६ मध्ये बंगालमधील दंगलग्रस्त नोआखलीत केलेले काम आणि संविधान सभेतील सदस्यत्व, एवढी वाटचाल त्यापूर्वीच झाली होती.

भाचीने वहीतले ते वाक्य पट्टी धरून खोडले. तिचे भाषण आता अमरोह्यापासून सुरू होते. पाच मिनिटांत नोआखली कुठे बसवायचे, यावर आमचा वाद अजून चालू आहे.