गॉगल पुसण्याची कला

आपला गॉगल वर्षानुवर्षे नव्यासारखा राहावा, अशी क्षुद्र इच्छा ज्यांना असेल त्यांनी हा लेख वाचू नये. गेल्या पंधरवड्यात माझे धाकटे मेहुणे माझा नवा पोलराइज्ड गॉगल गुहागरला घेऊन गेले आणि परत देताना ‘दाजी, स्वच्छ पुसून दिलाय’ असे वर सांगून गेले. त्यांच्यापासून घेतलेले धडे येथे देत आहे.

गॉगलबरोबर मिळालेले मऊ मायक्रोफायबरचे कापड प्रथम टीव्ही पुसण्यासाठी घरात द्यावे. डबी हरवावी. गॉगल टेबलावर ठेवताना काचा न चुकता खालच्या बाजूस असाव्यात.

सावलीत येताच गॉगल डोक्यावर चढवावा, म्हणजे काड्या सैल होतात, केसांचे तेल काचांना लागते आणि पुढच्या वेळी वाकल्याबरोबर तो थेट फरशीवर पडतो. मे महिन्यात गाडी उन्हात लावायची असल्यास तो डॅशबोर्डवर विसरावा. तेथील तापमान सहज 60 अंशांपुढे जाते, काच आणि तिच्यावरचा लेप सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत आणि लेपावर बारीक भेगांचे सुरेख जाळे उमटते. डाग चिवट असेल तर नेलपॉलिश रिमूव्हर वापरावे. त्यातील ॲसिटोनमुळे पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकची काच कायमची दुधाळ होते आणि डाग दिसेनासा होतो.

मात्र खरे कौशल्य पुसण्यात आहे. समुद्रावरून आल्यावर, काचांवर वाळू आणि खारे पाणी वाळलेले असताना, शर्टाचे टोक ओढून काचेवर तोंडाची वाफ सोडावी आणि अंगठ्याने गोल गोल घासावे. आपण जिला काच म्हणतो ती बहुतेक गॉगलमध्ये प्लास्टिकची असते, तर वाळूतले क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटी, कठीणपणा मोजणाऱ्या मोह्सच्या श्रेणीत 7 व्या पायरीवर बसते, म्हणजे खिडकीच्या काचेलाही ओरखडा काढते. तेव्हा आपण पुसत नसून पॉलिशपेपर फिरवत असतो. नळाखाली धरून वाळू आधी वाहून जाऊ द्यावी, भांडी घासण्याच्या पातळ साबणाचा एक थेंब बोटांच्या टोकांनी फिरवावा, पुन्हा धुऊन कोरड्या मऊ कापडाने टिपून घ्यावे, हे सगळे मिळून एका मिनिटाचे काम. पण एवढा वेळ आहे कोणाला? मुक्कामाच्या खोलीत बेसिन होते. नळाला पाणी होते. दोन दिवस आंघोळीही झाल्या, म्हणजे साबणही होता! डाव्या काचेवर बरोबर बुबुळासमोर आता अर्धगोल ओरखड्यांची रांगोळी आहे, आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक दुचाकीच्या दिव्याला मला तीन शेपट्या दिसतात.

उपरोध पुरे. आधी पाणी, मग कापड, हा क्रम तुम्हाला शाळेत फळ्याला ओले फडके मारताना कळत होता, मग आता काय झाले? वस्तू दुसऱ्याची असेल तर ती मळलेलीच परत आणून द्या, मी धुऊन घेईन. आणि ओरखडे दाखवल्यावर ‘टूथपेस्ट चोळा, जातील’ असे मला फोनवरून शिकवू नका, कारण टूथपेस्टमध्येही घासणारी पूडच असते आणि तिने उरलासुरला लेपही जातो.