केमो म्हणजे मस्टर्ड गॅस? त्या फॉरवर्डला उत्तर

"केमो म्हणजे महायुद्धातला विषारी गॅस, तोच सलाईनमधून सोडतात, तो सगळ्या पेशी मारतो, नर्ससुद्धा ग्लोव्हज घालून हात लावते, माणूस कॅन्सरने नाही केमोनेच जातो" असा मेसेज परत फिरतोय.

गॅसचं अर्धं खरं आहे, म्हणून तर लोकांना पटतं. १९१७ ला पहिल्या महायुद्धात बेल्जियममधल्या इप्रला सल्फर मस्टर्ड (हाच मस्टर्ड गॅस, सल्फर म्हणजे गंधक) वापरला, त्यात सापडलेल्या सैनिकांच्या पांढऱ्या पेशी घटलेल्या दिसल्या, आणि १९४२ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात गुडमन आणि गिलमन या संशोधकांनी गंधकाच्या जागी नायट्रोजन असलेलं मस्टर्ड लिम्फोमाच्या (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) पेशंटला शिरेतून दिलं. गाठी विरघळल्या, नंतर परत आल्या हेही खरं. पण आज या गटातलं जास्त दिलं जातं ते औषध म्हणजे सायक्लोफॉस्फामाइड, आणि ते लिव्हरमध्ये जाऊन बदलेपर्यंत जवळजवळ निष्क्रियच असतं. मग "तोच गॅस" कुठून आला?

"सगळ्या पेशी मारतो" हेही चूक. या औषधाच्या रेणूला दोन हात असतात, एक हात डीएनएच्या एका पट्टीवरच्या ग्वानिनला (डीएनएचा एक घटक) धरतो, दुसरा समोरच्या पट्टीवरच्या, झालं, दोन पट्ट्या शिवून टाकल्यासारख्या. पेशीला दोन व्हायचं तर आधी पट्ट्या सुट्या करून कॉपी काढायला लागते, ते जमत नाही, दुरुस्तीही झाली नाही की पेशी स्वतःच मरते. जी पेशी निवांत बसलीय तिला दुरुस्तीला वेळ मिळतो, कॅन्सरच्या पेशी सारख्या दुभंगत असतात आणि त्यांची दुरुस्तीची यंत्रणा बरेचदा बिघडलेली असते. केसांची मुळं, बोनमॅरो, आतड्याचं अस्तर हेही भराभर वाढणारे, म्हणून केस जातात, रक्तपेशींचे काउंट पडतात. ते सावरायला वेळ हवा म्हणूनच तर दोन डोसमध्ये गॅप, बऱ्याचदा २१ दिवसांची सायकल.

ग्लोव्हज? अहो, नर्सला कॅन्सर नाहीये, ती वर्षानुवर्षं ही औषधं हाताळते, तिला फायदा शून्य आणि धोका पूर्ण, घालू नये का तिने?

शेवटचं, केमोनेच माणूस जातो. पसरलेला हॉजकिन लिम्फोमा आधी जवळपास जीवघेणाच होता, १९६० च्या दशकात नायट्रोजन मस्टर्डसकट चार औषधं एकत्र दिली तेव्हा निम्म्याच्या आसपास पेशंट कायमचे बरे व्हायला लागले. काही कॅन्सरमध्ये केमो फक्त थोडा वेळ मिळवून देते, ते डॉक्टरांना सरळ विचारा. काही जणांना वर्षांनी या औषधांमुळेच ल्युकेमिया होतो, मूल होण्यावर परिणाम होऊ शकतो, त्यामुळे वय कमी असेल तर पहिल्या डोसच्या आधीच स्पर्म किंवा एग फ्रीझ करण्याबद्दल बोलून घ्या, मेसेजमध्ये नेमकं हेच नाहीये.