अठ्ठाविसावी रेघ

सहकाऱ्याच्या निरोप समारंभात ‘दोन शब्द’ बोलून मी व्यासपीठावरून उतरले, त्याला आठवडासुद्धा झालेला नाही, पण तो गृहस्थ काही केल्या माझ्या डोक्यातून उतरत नाही. भाषण बरे झाले होते. निदान टाळ्या तरी योग्य ठिकाणी पडल्या होत्या. एवढ्यात पहिल्या रांगेतून हा अनोळखी गृहस्थ (उत्सवमूर्तींचा कोणी दूरचा नातेवाईक असावा) उठून माझ्याकडे आला आणि निमंत्रणपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने ओढलेल्या रेघा त्याने माझ्यापुढे धरल्या. चार उभ्या, त्यांवर एक आडवी, असे अगदी काटेकोर गठ्ठे होते.

“ताई, रागावणार नसाल तर सांगतो. तुम्ही सत्तावीस वेळा ‘म्हणजे’ म्हणालात.”

“म्हणजे?”

त्याने शांतपणे अठ्ठाविसावी रेघ ओढली.

“शिवाय तुमच्या हातातला कागद थरथरत होता. कोणाच्या लक्षात आले नव्हते, म्हणून मी शेजारच्यांना दाखवला.”

वक्त्याला आपली धडधड साऱ्या सभागृहाला ऐकू जाते असे वाटत असले, तरी श्रोत्यांना त्यातले फारच थोडे कळते, हे साव्हिट्स्की आणि गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली प्रयोगांनी दाखवले. इतकेच नव्हे, तर ही गोष्ट आधी सांगितलेले वक्ते अधिक चांगले बोलले. त्याच भरवशावर मी माइकसमोर उभी राहिले होते. त्यांच्या प्रयोगात शेजारच्यांना दाखवणारा कोणी नसावा.

“समोर कोबीचे गड्डे बसले आहेत असे समजायचे,” तो पुढे म्हणाला. कोबी रेघा ओढत नाही, हे मी गिळले. आपण कुठे बोलता का, असे मात्र विचारले.

“छे! मला ऐकण्याचीच आवड.”

टोस्टमास्टर्स या १९२४ साली अमेरिकेत सुरू झालेल्या संस्थेच्या सभांमध्येही असे अडखळे मोजायला माणूस नेमलेला असतो. पण तिथे वक्ता शिकायलाच आलेला असतो आणि मोजणाऱ्यालाही कधीतरी उभे राहून बोलावे लागते. आमच्याकडे परीक्षक स्वयंभू असतात. बोलताना घसा कोरडा पडतो तो शरीर धोक्याच्या तयारीला लागून लाळ आटते म्हणून, पण लोक त्याला भित्रेपणा म्हणून मोकळे होतात. माणसावर खात्रीने ताण आणायचा असेल, तर त्याला निर्विकार चेहऱ्यांच्या परीक्षकांपुढे बोलायला लावावे, ही युक्ती जर्मनीतल्या ट्रियर विद्यापीठातील संशोधकांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत वापरली. त्यांना तसे चेहरे शिकवून तयार करावे लागत. आमच्या सभागृहांत ते आपापल्या मोबाइलसह वेळेआधी येऊन बसतात.

पातळ कागदाऐवजी जाड कार्ड धरले की थरथर कमी दिसते, पहिली दोन वाक्ये तोंडपाठ असली की श्वास जागेवर येतो, आणि चारचौघांत वारंवार बोलल्याने भीड चेपते, हे सगळे खरेच आहे. पण ऐन वेळी धीर देतो तो मान डोलावणारा एखादा चेहरा, आणि असे चेहरे नेमके शेवटच्या रांगेत, दाराशी बसतात, कारण त्यांना लवकर निघायचे असते.