दालमिल न टाकण्याचा सात वर्षांचा अनुभव

धंदा सुरू कसा करावा हे सांगणारे गावोगाव पडले आहेत. सुरू न करता तो वर्षानुवर्षं कसा चालवावा, हे सांगणारा आमच्या तालुक्यात मी एकटाच. तेव्हा तुमच्या डोक्यात दालमिल, तेलघाणी, शेळ्या असं काही घोळत असेल आणि नुसत्या विचारानं पोटात गोळा येत असेल, तर तुम्ही योग्य माणसाकडे आला आहात.

माझ्याकडे मिनी दालमिलचं कोटेशन आहे. 2018 च्या सुरुवातीला अकोल्याहून आणलेलं. घडी घालून घालून मधोमध फाटलं, म्हणून मी ते लॅमिनेट करून घेतलं. खाली बारीक अक्षरात ‘दर 30 दिवसांपुरते’ असं छापलं आहे. तिकडे बघायचं नाही.

पहिला नियम: ‘मले भेव लागते’ हे बायकोलासुद्धा सांगू नका. ‘माहिती काढनं सुरू हाय’ म्हणा. एवढ्या एका वाक्यावर माणूस दोन-अडीच वर्षं इज्जतीत काढतो. पंचायत समितीत जा, कृषी कार्यालयात जा, चहा पिऊन या. 2020 साली केंद्राची सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजना आली. 35 टक्के अनुदान, जास्तीत जास्त 10 लाख. कच्चा माणूस असं काही ऐकलं की अर्ज भरून मोकळा होतो. आपण थांबायचं. उद्या 50 टक्के झालं तर? लहान धंद्यांच्या सरकारी उद्यम नोंदणीपासून मात्र चार हात लांब राहा. ती फुकट असते, आधारवर होते, मोबाइलवरून जमते. म्हणजे न करायला कारणच उरत नाही, आणि कारण हाताशी नसलं की माणूस उघडा पडतो.

मुहूर्ताचं नीट समजून घ्या. जूनमध्ये पेरणी. त्यानंतर डवरण, निंदण, फवारणी. पोळ्याला बैल सोडून कोण मशिनीकडे पाहते? पोळा झाला की गणपती, गणपती उठले की पितरं बसतात, पितरपाटात तर नवा झाडूसुद्धा आणत नाहीत. मग सोयाबीन, त्याच्या मागे कापूस. तूर घरात येते तोवर जानेवारी उजाडतो. तेव्हा हातात पैसा असतो, पण लग्नं असतात. मे महिन्यात पारा 45 च्या वर, त्या उन्हात पत्र्याच्या शेडमध्ये बसून मरायचं आहे का? एवढं करून एखादा महिना मोकळा सापडलाच, तर धोंड्यावर भिस्त ठेवा. 2018 ला तो ज्येष्ठात आला, 2020 ला आश्विनात, 2023 ला श्रावणात. मला त्यानं एकदाही दगा दिला नाही. आमच्या भागात आणखी एक सोय आहे. आमची अरुंद रुळांची शकुंतला रेल्वे ब्रॉडगेज होऊ द्या, म्हणायचं. मूर्तिजापूर-यवतमाळ लाइन रुंद झाली की डाळ थेट मुंबईला. या कारणाला आजवर कोणी हसलं नाही. उलट तेही गंभीर होतात.

रिकामे दिसू मात्र नका. धंद्याचं नाव ठरवा. मला त्याला चौदा महिने लागले. आजीच्या नावानं ठेवावं तर मामेकुळातले रुसतात, देवाच्या नावानं ठेवावं तर कोणत्या देवाच्या? शेवटी माझंच नाव, खाली ‘प्रोप्रायटर’, कोपऱ्यात तुरीची शेंग, अशी 500 व्हिजिटिंग कार्डं यवतमाळहून छापून आणली. शेंग जराशी वालाच्या शेंगेसारखी आली आहे. कार्डं लोखंडी पेटीत, कोटेशनच्या खाली, सुरक्षित आहेत.

यानंतरही हात शिवशिवत असतील तर सरळ पानठेल्यावर जा. तिथं दालमिलवर बोलायला ज्यांनी कधी दालमिल पाहिली नाही असे चार लोक हमखास असतात. ‘फलान्याच्या साडभावानं टाकली होती, वावर इकाव लागलं.’ हा साडभाऊ कोण, कुठल्या गावचा, मी सात वर्षांत शोधू शकलो नाही. पण त्याचं ऐकलं की रात्री झोप छान लागते. खरं सांगू? पैसा बुडण्याचं मला तेवढं नव्हतंच. शेतकऱ्याला दर मृगाला उघड्या आभाळाखाली पैसा पुरायची सवय असते. मला भेव होतं ते शटर पाडल्यावर याच पानठेल्यासमोरून घरी जाण्याचं. ‘काऊन बे शेटजी?’ एवढंच कोणी म्हटलं असतं.

असो. सगळ्यात धोक्याची गोष्ट म्हणजे थोडक्यात करून पाहणं. चुकूनही पाच-दहा किलोवर प्रयोग करू नका. आमच्या समोरच्या वहिनीनं ही चूक केली. कृषी विद्यापीठाची मिनी दालमिल शेजारच्या गावात एका बचत गटाकडे आहे, हे तिनं ऐकलं. दहा किलो तूर घेतली, तेल चोळलं, पाणी मारून रात्रभर पोत्याखाली दाबून ठेवली, गच्चीवर वाळवली आणि दळणासारखे भरडाईचे पैसे देऊन भरडून आणली. मशीन नाही, शेड नाही, नाव नाही. डाळ ओळखीपाळखीत विकली, चुनी शेळीला घातली. पुढच्या खेपेला वीस किलो. हिशोब कॅलेंडरच्या मागे. याला काय नियोजन म्हणायचं?

जानेवारीत मी माझी तूर बाजार समितीत घातली. मागच्या हप्त्यात घरची डाळ सरली, म्हणून वहिनीकडे गेलो. तिनं काट्यावर दोन किलो मोजली, वरून मूठभर टाकली.

“चांगली शिजते, भाऊजी. तुमच्याच वावरातली हाय.”

“मायी तूर त मी इकली न!”

“तुमी इकली. बाईनं थोडी ठेवली होती. अर्ध्या नफ्यात हाय ते माह्यासंगं, दोन वर्सं झाले. सांगतलं नाही काय तुमाले?”

घरी येऊन पिशवी सोडली. आत, डाळीवर, एक कार्ड होतं. त्यावर बायकोच्या अक्षरात ‘तूर डाळ, 2 किलो’. उलटून पाहिलं. कोपऱ्यात वालाची शेंग, मधोमध माझं नाव, खाली प्रोप्रायटर.