कुंकवाची हळद

आमच्या सोसायटीत संक्रांतीच्या हळदीकुंकवाची आमंत्रणं व्हॉट्सॲपवरच फिरतात. या वर्षी मात्र आईने फर्मान काढलं, "मोबाइलवर कसलं बोलावणं? हातात काहीतरी द्यावं." कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याचं नाव निघायच्या आत मी म्हणालो, "घरात प्रिंटर असताना?" एवढं वाक्य गिळलं असतं तर पुढचे दोन दिवस वाचले असते.

हा प्रिंटर लॉकडाऊनमध्ये लेकीच्या ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला. शाळा पुन्हा शाळेत भरू लागली, तसं प्रिंटरवर टेबलक्लॉथ आलं आणि टेबलक्लॉथवर फुलदाणी. वर्षातून दोनदा, एकदा भाडेकरारासाठी आणि एकदा रेल्वेच्या तिकिटासाठी, फुलदाणी उतरायची. दोन्ही वेळा काम काळ्या शाईचं. रंग आत बसून आहेत, याची आठवणही कुणाला नव्हती.

आमंत्रण मी झकास बनवलं. कडेला पैठणीच्या काठासारखी नक्षी, एका कोपऱ्यात दोन करंडे, एकात हळद, एकात कुंकू, खाली तिळगुळाचे लाडू. एका कागदावर दोन आमंत्रणं. बायका २२, म्हणजे कागद ११. जाड आयव्हरी कागदांचं २० चं पाकीट आणलं, प्रतींच्या रकान्यात ११ टाकले, बटण दाबलं आणि चहा ठेवायला गेलो. आधी एक प्रत काढून बघावी, हे शहाणपण चहाला उकळी आल्यावर सुचलं.

परत आलो तेव्हा बायको ट्रेसमोर उभी. "अहो, हे हळदीकुंकू आहे की हळदी-हळद?"

दोन्ही करंडे पिवळे धमक होते. तिळगुळाच्या लाडवांवर हिरवट झाक आलेली, फ्रीजच्या मागे महिनाभर राहिल्यासारखी. काळी अक्षरं तेवढी खणखणीत.

मी तिला शास्त्र समजावलं. या प्रिंटरच्या पोटात तांबडा रंग नसतोच. निळसर सायन, गुलाबी मॅजेंटा, पिवळा आणि काळा, एवढ्या चौघांवर सगळा संसार. कुंकू काढायचं तर मॅजेंटा आणि पिवळा एकावर एक पडावे लागतात. मॅजेंटाने अंग काढून घेतलं की कुंकवाची हळद होते.

"कारण कळलं," ती म्हणाली, "आता कुंकू द्या."

संगणकात 'हेड क्लीनिंग' नावाचं बटण असतं. ते दाबल्यावर प्रिंटर घाटात अडकलेल्या एसटीसारखा कण्हला, खडखडला, गप्प झाला. तपासणीचं पान काढलं. पिवळ्याचा पट्टा होता, सायनचा होता, मॅजेंटाच्या जागी पांढरं स्वच्छ मैदान. पुन्हा क्लीनिंग, पुन्हा मैदान. तिसऱ्या वेळी मैदानात दोन तुटक गुलाबी रेघा उगवल्या आणि मी लेकीला हाक मारून त्या दाखवल्या. तिला आमचा आनंद कळला नाही.

मग लक्षात आलं, ही साफसफाई प्रिंटर शाईनेच करतो. शाई भोकांतून ओढायची आणि तळाशी ठेवलेल्या स्पंजात जिरवायची. म्हणजे भांडं दुधाने घासायचं. त्यात आमचं रंगीत कार्ट्रिज तीन रंगांचं एकत्र कुटुंब. गुन्हा मॅजेंटाचा, पण दंड पिवळ्याला आणि सायनलाही.

त्या रात्री मी बरंच वाचन केलं. आमच्यासारख्या प्रिंटरमध्ये केसाहून बारीक भोकांची रांग असते आणि प्रत्येक भोकामागे इवलीशी शेगडी. शेगडी तापते, शाई क्षणार्धात उकळते, बुडबुडा फुगतो आणि थेंब कागदावर ढकलतो. ही कल्पना कॅननच्या प्रयोगशाळेत १९७७ साली अपघाताने सुचली म्हणे. गरम सोल्डरिंग आयर्न शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागली आणि सुईतून शाई उडाली. मुळात अपघातातून जन्मलेलं यंत्र, वर्षभर फुलदाणीखाली ठेवल्यावर त्याच्याकडून कसली शिस्त मागायची? शाई भोकातच वाळली होती.

यूट्यूबवर उपाय ढिगाने. कुणी काचा पुसायचं निळं पाणी सांगे, कुणी स्पिरिट. मी त्यातला सात्त्विक निवडला: कार्ट्रिजचा तळ कोमट डिस्टिल्ड पाण्याला टेकवायचा आणि टिश्यूवर दाबायचा. नळाच्या पाण्यातले क्षार भोकात बसतात, म्हणून डिस्टिल्डच हवं. तेवढ्यासाठी बाजारात जावं लागलं नाही. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी आणलेला कॅन होता. तो मी दुधाच्या पातेल्यात गरम करायला घेतला, तेव्हा बायको म्हणाली, "या वर्षी वाण म्हणून प्रिंटरच लुटते."

आमटीच्या वाटीत दोन मिनिटं बुडवून कार्ट्रिज टिश्यूवर दाबलं आणि काय सांगू! शेजारी शेजारी तीन रेघा, सायन, मॅजेंटा, पिवळा. मॅजेंटा जिवंत होता. त्या भरात मी तळ खसकन आडवा पुसला. उभा पुसायचा असतो, हे व्हिडिओच्या शेवटी होतं. शेवटपर्यंत कोण बघतं?

कार्ट्रिज बसवल्यावर प्रिंटरने आधी आपल्या मर्जीने अलाइनमेंटचं एक पान काढलं, तेही रंगीत. मग आमंत्रण बाहेर आलं. लेक ओरडली, "बाबा, आता कुंकू-कुंकू झालं!" आडव्या पुसण्यात मॅजेंटा पिवळ्याच्या घरात शिरला होता. दोन्ही करंडे लालभडक.

हा गोंधळ निस्तरायला रद्दी कागदांवर पिवळे चौकोन छापत बसलो. पहिला केशरी, मग आंबा, मग पिकलेलं लिंबू. रात्री एक वाजता हळद हळदीसारखी आणि कुंकू कुंकवासारखं आलं. जाड कागद मोजले. नऊ उरले होते त्यातले चार चाचण्यांत गेले. पाच कागदांवर दहा आमंत्रणं अप्रतिम आली. पाचवा कागद बाहेर पडला आणि पडद्यावर सूचना झळकली: रंगीत शाई संपली आहे. नवं कार्ट्रिज हजारावर. झेरॉक्सवाल्याचा रंगीत पानाचा दर दहा रुपये. ११ गुणिले १० हा गुणाकार मी मनातही केला नाही.

सकाळी उठलो तर आई जेवणाच्या टेबलाशी बसलेली. समोर पहिल्या दिवशीची ती २२ हळदी-हळद, मधोमध कापलेली. फेकलेली नव्हती, किराण्याच्या यादीला पाठकोरे म्हणून तिने उचलून ठेवली होती. वाटीत कुंकू कालवलेलं. अनामिका बुडवून प्रत्येक कार्डावरच्या दुसऱ्या करंड्यावर एक एक बोट उठवत होती. "अरे, चहा ठेव," ती म्हणाली, "दहा मिनिटांत होतंय."

माझी दहा अप्रतिम आमंत्रणं अजून कपाटात आहेत.

हळदीकुंकवाला बायका म्हणे वाणापेक्षा त्या आमंत्रणाबद्दलच विचारत होत्या. "हॅण्डमेड आहे ना? कुठून करून घेतलं?" बायकोने इमानदारीत सांगितलं, "घरीच. ह्यांनी प्रिंटर दुरुस्त केला."

परवा रात्री बेल वाजली. दारात तिसऱ्या मजल्यावरचे शेजारी, हातात रुमालात गुंडाळलेलं कार्ट्रिज. "तुम्हाला जमतं म्हणे यातलं. आमचा निळा येत नाहीये."

मी त्यांना आत बसवलं आणि आमटीची वाटी काढली.