आफ्रिका खंड दुभंगल्याच्या मेसेजबद्दल

‘आफ्रिका खंडाचे दोन तुकडे होत आहेत, लवकरच मधे समुद्र येणार’ असा मेसेज भेगाळलेल्या रस्त्याच्या फोटोसह पुन्हा फिरतोय. फोटो खरा आहे. तो मार्च 2018 मधला, केनियातल्या माई माहिऊ–नारोक रस्त्याचा. पण ती भेग मुख्यतः मुसळधार पावसाने पडली, असं बहुतेक भूवैज्ञानिकांनी तेव्हाच सांगितलं होतं. तिथली जमीन ज्वालामुखीच्या भुसभुशीत राखेची. खालून माती वाहून गेली आणि वरचा भाग धसला.

मेसेजमध्ये तथ्य अजिबात नाही असंही नाही. इथिओपियाच्या अफारपासून मोझांबिकपर्यंत खचदरी (जमीन ताणली जाऊन खचल्याने झालेली लांबलचक दरी) आहे आणि तिच्या दोन्ही बाजू खरोखर दूर सरकताहेत. 2005 साली अफारमध्ये तर सुमारे 60 किलोमीटर पट्ट्यात शिलारस (खालचा वितळलेला खडक) घुसून जमीन काही आठवड्यांत कित्येक मीटर फाकली होती. ते भूगर्भातलंच काम. एरवी वेग वर्षाला काही मिलिमीटर, जीपीएसने मोजलेला. आपली नखं याहून भरभर वाढतात! समुद्र यायला लाखो वर्षं लागतील, तेव्हा केनिया, टांझानियाचा नकाशा आज बदलत नाहीये.

‘लवकरच’वाला मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ग्रुपवर टाकला असेल तर त्याखाली हा खुलासा चिकटवा.